'खुकरी' आणि पाण्याखालचा आवाज

१९७१ च्या युद्धात भारतीय नौदलाने काय केलं, असं विचारलं की बहुतेकांना कराची आठवते. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी केलेला तो हल्ला इतका नेमका होता की आजही ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा होतो. विशाखापट्टणमच्या बाहेर बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' आणि बंगालच्या उपसागरातली आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' यांचीही नावं निघतात. याच युद्धात, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर 'आयएनएस खुकरी' ही आपली फ्रिगेट पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. स्वातंत्र्यानंतर शत्रूच्या हल्ल्यात आपण गमावलेली ही एकमेव युद्धनौका.

'खुकरी'बद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं ते मुख्यतः तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्याबद्दल. जहाजासोबत समुद्रात गेलेला कप्तान ही गोष्ट सांगायलाच हवी, ती खालीही येईल. पण ती गोष्ट जहाज फुटल्यानंतरची आहे. त्याआधीच्या छत्तीसेक तासांत काय घडलं आणि पाणबुड्या मारण्यासाठीच बांधलेलं जहाज पाणबुडीच्याच हातून का गेलं, हे फारसं कोणी उलगडून सांगत नाही. ते कळल्याशिवाय त्या माणसांनी काय पत्करलं होतं हेही पुरतं कळत नाही, असं मला वाटतं.

सुरुवात जहाजापासून करू. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी अटलांटिक महासागरात ब्रिटनची रसद जवळजवळ तोडत आणली होती. त्यातून ब्रिटिश नौदल एक धडा शिकलं. मालवाहू जहाजांच्या तांड्यांना संरक्षण द्यायचं, तर मोजकी मोठी जहाजं पुरत नाहीत. साधी, स्वस्त, पटकन बांधता येतील अशी रक्षक जहाजं पुष्कळ लागतात. १९५० च्या दशकात सोव्हिएत पाणबुड्यांची धास्ती वाढली तेव्हा या विचारातून 'ब्लॅकवुड' वर्गाच्या फ्रिगेट बांधल्या गेल्या. ब्रिटनने स्वतःसाठी १२ बांधल्या आणि भारताने ३ घेतल्या : 'खुकरी', 'किरपाण' आणि 'कुठार'. 'खुकरी' इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउज इथे जे. सॅम्युएल व्हाइट यांच्या गोदीत बांधली गेली. १९५६ च्या नोव्हेंबरात ती पाण्यात उतरली आणि जुलै १९५८ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली.

स्वस्त बांधणीची किंमत जहाजाच्या अंगावर दिसत होती. लांबी साधारण ९४ मीटर, रुंदी अवघी १० मीटर, वजन बाराशे टनांच्या आसपास. बाष्प टर्बाइन एका दांड्यावरचा एकच पंखा फिरवायची. त्या जोरावर ती २७ नॉटपर्यंत जाऊ शकत असे, पण तो दांडा किंवा पंखा निकामी झाला तर पर्याय नव्हता. विमानं आणि लहान बोटींसाठी ४० मिलिमीटरच्या तीन बोफोर्स तोफा होत्या. मोठी तोफ एकही नव्हती. पत्रे हलके होते. याच वर्गातली ब्रिटिश जहाजं आइसलँडजवळच्या थंड, खवळत्या समुद्रात मासेमारीच्या वादात गस्तीला गेली, तेव्हा त्यांचे सांगाडे नंतर मजबूत करून घ्यावे लागले. हे जहाज एकाच कामासाठी घडवलेलं होतं, ते म्हणजे पाणबुडी शोधणं आणि मारणं.

मारण्याचं साधन होतं 'लिंबो' नावाची तीन नळ्यांची उखळी तोफ. 'खुकरी'वर अशा दोन होत्या. प्रत्येक नळीतून पावणेदोनशे किलोच्या आसपास वजनाचा बॉम्ब सुटे आणि हवेतून जाऊन पाण्यात पडे. पाणबुडी किती खोल आहे हे आवाजाने शोध घेणारी सोनार यंत्रणा सांगे, त्या खोलीवर बॉम्ब फुटण्याची वेळ आपोआप लावली जाई. दोन्ही तोफा एकदम डागल्या की तीन बॉम्ब पाणबुडीच्या थोडे वर आणि तीन थोडे खाली फुटत आणि मधे सापडलेल्या पाणबुडीचं कवच दोन्हीकडून येणाऱ्या दाबाने चिरडलं जाई. कल्पना फार हुशारीची होती. पण या तोफेचा पल्ला होता साधारण ३५० ते ९०० मीटर. म्हणजे मारायचं तर पाणबुडीच्या एक किलोमीटरच्या आत पोचणं भाग होतं. तिथवर पोचण्यासाठी ती आधी सापडायला हवी आणि सापडणं पूर्णपणे आवाजावर अवलंबून होतं.

पाण्याखाली उजेड फार दूर जात नाही. रडारच्या लहरी समुद्राच्या पाण्यात शिरतच नाहीत. उरतो तो आवाज. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. जहाजाच्या तळाशी बसवलेली सोनार यंत्रणा ध्वनीचा एक ठोका सोडते. तो पाणबुडीवर आदळून परत आला, की लागलेल्या वेळावरून अंतर आणि आलेल्या दिशेवरून ठिकाण कळतं. चार सेकंदांनी प्रतिध्वनी आला तर पाणबुडी तीन किलोमीटरवर आहे. इथवर सगळं सोपं वाटतं.

आता यातली मेख पाहू. सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यात उभं राहून हाक मारली, तर समोरच्या कड्यावरून परत येणारा आवाज अगदी क्षीण असतो, कधी कधी येतही नाही. त्या कड्यावर कोणी गुराखी बसला असेल, तर त्याला मात्र ती हाक खणखणीत ऐकू जाते. सोनारचं नेमकं हेच होतं. ध्वनी पसरत जातो तसा विरळ होतो. अंतर दुप्पट झालं की त्याची तीव्रता साधारण चौथाई उरते. पाणबुडीला ठोका ऐकायचा तर ध्वनीने एकदाच प्रवास केला की पुरे. जहाजाला प्रतिध्वनी ऐकायचा तर तोच ध्वनी जाऊन परत यायला लागतो आणि वाटेत दोनदा विरतो. अंतर दुप्पट झालं की परत येणारा आवाज सोळाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे शोधणारं जहाज ठोके देत फिरू लागलं, की त्याला पाणबुडी सापडण्याच्या कितीतरी आधी पाणबुडीला ते जहाज सापडलेलं असतं.

दुसरी मेख पाण्याच्या तापमानाची. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात वरचा थर उन्हाने तापलेला आणि लाटांनी घुसळलेला असतो. त्याखाली काही खोलीवर पाणी एकदम गार होऊ लागतं. आवाज गार पाण्यात मंद चालतो आणि मंद वेगाच्या बाजूला वळतो. मग जहाजाच्या तळाशी असलेल्या सोनारचा ध्वनी सरळ पुढे जायच्या ऐवजी खाली वाकतो आणि थोड्या अंतरापुढे एक असा भाग उरतो जिथे तो पोचतच नाही. या सावलीत पाणबुडी बसून राहू शकते. 'खुकरी'वरची ब्रिटिश बनावटीची सोनार यंत्रणा अटलांटिकच्या गार पाण्याचा विचार करून तयार झालेली होती. अरबी समुद्रात तिचा पल्ला बहुतेक वेळा जेमतेम काही हजार यार्डांवर येई. नौदलातल्या पाणबुडीविरोधी शाखेच्या लोकांना हे पुरतं ठाऊक होतं. आपल्या पाण्यात ही यंत्रणा अपुरी आहे ही त्यांची रोजची डोकेदुखी होती.

समोर होती 'हंगोर'. फ्रान्सने बांधलेल्या 'दाफ्ने' वर्गाच्या तीन पाणबुड्या पाकिस्तानने घेतल्या होत्या; 'हंगोर' त्यांतली पहिली, १९६९ च्या डिसेंबरात दाखल झालेली. लांबी सुमारे ५८ मीटर, पाण्याखालचं वजन हजार टनांच्या आसपास, पाणतीरांच्या नळ्या १२ : आठ पुढे, चार मागे. पाण्याखाली ती विजेच्या मोटरीवर चाले आणि हळू चालताना तिचा आवाज जवळजवळ नसेच. ऐकण्याची यंत्रणा नव्या पिढीची होती. तिचे कमांडर होते अहमद तस्नीम. तिच्यातही उणीव होती आणि ती महत्त्वाची होती. पाण्याखाली तिचा पूर्ण वेग होता १६ नॉट. त्या वेगाने धावली तर बॅटरी झपाट्याने संपे. मग वर येऊन हवेची नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिनं चालवावी लागत. म्हणजे तिला जहाजाचा पाठलाग फार वेळ करता येत नव्हता. पुढे जाऊन वाट अडवून बसणं एवढंच तिच्या हाती होतं.

नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यांत कराचीहून निघालेली 'हंगोर' युद्ध सुरू होण्याआधीच मुंबईच्या बाहेर येऊन थांबली होती. पश्चिमी ताफा मुंबईहून बाहेर पडला तो तिच्या आसपासूनच गेला. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं म्हणून तिला हल्ल्याची परवानगी नव्हती, असं तस्नीम यांनी नंतर सांगितलं आहे. याच काळात तिची वातानुकूलन यंत्रणा बिघडली आणि दुरुस्तीसाठी मुंबईच्या दारात तिला पाण्यावर यावं लागलं. ती दिसली नाही. मग ती उत्तरेला सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे सरकली.

तिथे तिने बिनतारी संदेश पाठवले आणि आपल्या किनाऱ्यावरच्या केंद्रांनी ते टिपले. संदेशातला मजकूर वाचता आला नाही तरी तो कोणत्या दिशेने आला हे दोन-तीन केंद्रांवरून मोजलं की रेषा जिथे छेदतात तिथे पाठवणारा असतो. पाणबुडी दीवच्या दक्षिणेच्या पट्ट्यात आहे असा अंदाज बांधता आला. पश्चिम कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्यापुढे प्रश्न उघड होता. सौराष्ट्राच्या याच किनाऱ्याजवळून आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीच्या मोहिमांवर जात होत्या, मुंबई आणि कच्छच्या बंदरांची व्यापारी जहाजं ये-जा करत होती. तिथे पाणबुडी मोकळी सोडणं शक्य नव्हतं.

पाठवायचं कोणाला? पाणबुडीविरोधी कामासाठी असलेला १४ वा फ्रिगेट ताफा मुंबईत होता. म्हणजे या तीन बहिणी. त्यांतल्या 'कुठार'च्या बॉयलरमध्ये युद्धाच्या पहिल्याच दिवसांत अपघात होऊन ती निकामी झाली होती. ८ डिसेंबरला 'खुकरी' आणि 'किरपाण' मुंबईहून निघाल्या. मुल्ला 'खुकरी'चे कप्तान होते आणि संपूर्ण ताफ्याचेही प्रमुख होते. या दोन जहाजांना अशा पाणबुडीवर पाठवणं योग्य होतं का, यावर नौदलातल्या जाणत्यांनी पुढे पुष्कळ लिहिलं आहे. माझं मत असं की त्या दिवशी हाताशी होतं ते पाठवलं गेलं. चूक असलीच तर ती वर्षानुवर्षांची होती : नव्या पाणबुड्या शेजारी येत असताना जुन्या सोनारवर काम भागवण्याची. तिचं ओझं एका रात्रीच्या आदेशावर टाकणं मला पटत नाही.

९ डिसेंबरला पहाटे 'हंगोर'ला दोन जहाजांचा आवाज लागला. 'खुकरी' आणि 'किरपाण' ठरावीक आयताकृती मार्गावर ठोके देत शोध घेत होत्या. दिवसभर 'हंगोर'ने जवळ येण्याचा प्रयत्न केला, पण जहाजं तिच्यापेक्षा वेगात होती आणि अंतर पुन्हा वाढे. तस्नीम यांनी मग पाठलाग सोडून जहाजांच्या वळणांचा आराखडा मांडला. जहाजं पुन्हा कोणत्या बाजूने येणार हे कळलं, की तिथे जाऊन थांबायचं.

इथे 'खुकरी'च्या वेगाचा प्रश्न येतो आणि संपूर्ण घटनेची गाठ इथेच आहे. त्या वेळी जहाज साधारण १२ नॉटने चाललं होतं. पाणबुडीच्या शोधात असलेल्या जहाजाने नागमोडी चालावं, वेग बदलत राहावा, म्हणजे पाणबुडीला नेम धरता येत नाही, हे प्रत्येक नौसैनिकाला शिकवलेलं असतं. मग वेग कमी का? जहाजावर विद्युत शाखेतले लेफ्टनंट व्ही. के. जैन होते. सोनारचा पल्ला वाढावा म्हणून त्यांनी एक जोडयंत्र तयार केलं होतं आणि त्याची चाचणी सुरू होती. वेग वाढला की जहाज स्वतःच बहिरं होतं : तळाशी घासून जाणाऱ्या पाण्याचा खळखळाट, पंख्याच्या पात्यांमागे फुटणारे बुडबुडे, यंत्रांची घरघर यांत दूरचा क्षीण प्रतिध्वनी बुडून जातो. हळू चाललं तर ऐकू जास्त येतं. जैन यांच्या यंत्राला ही शांतता हवी होती.

म्हणजे मुल्ला यांच्यापुढे दोन वाटा होत्या. वेगात चाललं तर पाणतीर चुकवण्याची शक्यता वाढे, पण मुळात पाणबुडी सापडण्याची शक्यता जवळजवळ उरत नव्हती. हळू चाललं तर ती सापडण्याची थोडी आशा होती, पण जहाज सोपं लक्ष्य बनत होतं. त्यांना पाणबुडी शोधायला पाठवलं होतं. त्यांनी शोधण्याची वाट घेतली. नंतर अनेकांनी याला हलगर्जी म्हटलं आहे. मला त्यात हलगर्जी दिसत नाही. अपुरं साधन घेऊन काम पुरं करण्याची धडपड दिसते आणि तिच्यासाठी पत्करलेला, पूर्ण समजून घेतलेला धोका दिसतो. जैन स्वतःही त्या रात्री जहाजासोबत गेले.

संध्याकाळी सातनंतर 'हंगोर' जहाजांच्या वाटेवर येऊन बसली होती. अंधार पडला होता, जहाजांवर दिवे नव्हते, पेरिस्कोपमधून काही दिसेना. तस्नीम यांनी पाणबुडी खाली नेली आणि केवळ आवाजावरून नेम धरला. ४० मीटर खोलीवरून पहिला पाणतीर 'किरपाण'वर सोडला. हे पाणतीर लक्ष्याच्या आवाजाच्या मागावर जाणारे होते. तो बरोबर 'किरपाण'च्या खालून गेला, पण फुटला नाही.

तो न फुटल्यामुळे 'हंगोर' उघडी पडली होती. तस्नीम यांच्या कथनानुसार 'खुकरी' तिच्या दिशेने वळली आणि त्यांनी दुसरा पाणतीर 'खुकरी'वर सोडला. आपल्या घड्याळाप्रमाणे पावणेनऊच्या सुमाराला तो जहाजाच्या खाली फुटला.

जहाजाच्या बाजूला भोक पडणं आणि जहाजाच्या खाली स्फोट होणं यांत मोठा फरक आहे. बाजूला भोक पडलं तर पाणी एका-दोन कप्प्यांत शिरतं. दारं बंद करून जहाज तासन्‌तास तरंगत ठेवता येतं. खाली स्फोट झाला की आधी धक्क्याची लाट तळाला हादरवते. मग स्फोटातल्या वायूचा प्रचंड बुडबुडा फुगतो आणि जहाजाचा मधला भाग वर उचलतो, दोन्ही टोकं खाली लोंबतात. पुढच्याच क्षणी बुडबुडा आकसतो, मधला भाग पोकळीत खचतो आणि टोकं वर राहतात. असं दोन्हीकडे वाकवल्यावर जहाजाचा कणा मोडतो. शेवटी कोसळत्या बुडबुड्यातून पाण्याचा लोट वर घुसतो. 'खुकरी'सारख्या हलक्या पत्र्याच्या, अरुंद जहाजाला हे सोसणं अशक्य होतं. त्यात पाणतीर दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटला असं पाकिस्तानी बाजूचं वर्णन आहे; वाचलेल्यांनीही लागोपाठ स्फोट झाल्याचं सांगितलं आहे. दोनेक मिनिटांत जहाज दिसेनासं झालं.

दोन मिनिटं म्हणजे किती, हे जहाजावर उभं राहून मोजायला हवं. रात्रीची वेळ होती, रेडिओवर बातम्या लागत होत्या, पाळी संपलेले बरेच जण खालच्या मजल्यांवर होते. स्फोटानंतर वीज गेली. खालून वर येण्याचा मार्ग म्हणजे उभ्या लोखंडी शिड्या आणि त्यांच्या टोकाला माणूस जेमतेम मावेल एवढी तोंडं. जहाज एका कुशीवर कललं की त्या शिड्या आडव्या होतात, अंधारात हाताला लागत नाहीत. इंजिन खोली आणि बॉयलर खोलीतले लोक तर सर्वांत खाली. १९४ माणसं का गेली याचं उत्तर मुख्यतः या शिड्यांमध्ये आहे.

मुल्ला ब्रिजवर होते. त्यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. शेजारच्या तरुण अधिकाऱ्यांना त्यांनी समुद्रात उतरायला लावलं, आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः तिथेच राहिले. पाण्यात पडलेल्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांना आपला कप्तान ब्रिजवर बसलेला दिसला. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं. बुडत्या जहाजावर कप्तानाने राहावं असा नौदलाचा कुठलाही नियम नाही. खाली अडकलेले आपले लोक बाहेर येऊ शकत नाहीत हे त्यांना त्या क्षणी कळलेलं होतं, एवढं मात्र सगळ्या कथनांतून जाणवतं आणि त्यांचं थांबणं मला त्या जाणिवेशी जोडलेलं दिसतं.

'किरपाण'च्या कप्तानापुढचा प्रसंग कमी कठीण नव्हता. पाण्यात आपली माणसं ओरडत आहेत, पण त्यांना उचलायला थांबायचं म्हणजे त्याच पाणबुडीपुढे इंजिन बंद करून उभं राहायचं. 'हंगोर'ने तिसरा पाणतीर 'किरपाण'वर सोडलाही होता. 'किरपाण' तिथून निघून गेली. दुसऱ्या दिवशी 'आयएनएस कडमट' हिच्यासह परत आली आणि रात्रभर डिसेंबरच्या समुद्रात राफ्टांना धरून राहिलेल्यांना उचललं. ६ अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. 'किरपाण'च्या निघून जाण्यावर तेव्हाही आणि नंतरही कडवट बोललं गेलं. युद्धाच्या हिशेबात ते बरोबर होतं. पाण्यात असलेल्या माणसाला तो हिशेब पटावा अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही.

पुढचे चार दिवस 'हंगोर'चा शोध चालला. जहाजं, 'अलिझे' विमानं, त्याच वर्षी आलेली 'सी किंग' हेलिकॉप्टरं या कामी लावली गेली. 'सी किंग'चं बलस्थान असं की ते समुद्रावर एका जागी तरंगत राहून दोराने सोनार पाण्यात सोडतं, अगदी त्या गार थराच्याही खाली. सावली तिथे संपते. शिवाय हवेतल्या हेलिकॉप्टरवर पाणबुडीला पाणतीर सोडता येत नाही. पण सुगावा शिळा झालेला होता. १० डिसेंबरला आपलं एक 'अलिझे' पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं. 'हंगोर' बॅटरी जपत, लपत कराचीला पोचली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने जहाज बुडवल्याची ही जगातली पहिली घटना. यानंतर थेट १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची 'जनरल बेल्ग्रानो' बुडवली. 'हंगोर' २००६ मध्ये निवृत्त झाली. आज ती कराचीच्या सागरी संग्रहालयात आहे.

दीवला चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकडीवर 'खुकरी'चं स्मारक आहे. १९९९ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. काचेच्या आत जहाजाची प्रतिकृती आहे. मुंबईच्या माझगाव गोदीने बांधलेल्या कॉर्व्हेटला नौदलाने 'खुकरी' हेच नाव दिलं. १९८९ ते २०२१ अशी ३२ वर्षं तिने सेवा केली आणि निवृत्तीनंतर तीही दीवला संग्रहालय म्हणून पाठवण्यात आली.

आवाजाच्या प्रश्नाचं काय झालं, ते या स्मारकांत दिसत नाही, म्हणून इथे सांगतो. माझगाव गोदीतच बांधलेल्या 'लिअँडर' वर्गाच्या फ्रिगेटांपैकी शेवटच्या दोन, 'तारागिरी' आणि 'विंध्यगिरी', यांची रचना बदलून त्यांवर 'सी किंग'ला जागा करण्यात आली. एवढ्या लहान जहाजावर इतकं जड हेलिकॉप्टर उतरवणं हे तेव्हा सोपं काम नव्हतं. आणि सोनारचं काम एका तरुण नौदल अधिकाऱ्याकडे गेलं : आरोग्यस्वामी पॉलराज. ते पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आले होते, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले होते आणि दिल्लीच्या आयआयटीत गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याच्या गणितावर संशोधन करत होते. 'खुकरी' गेल्यानंतर नौदलाने त्यांना त्याच जातीच्या जुन्या ब्रिटिश सोनारची दुखणी शोधायला लावलं. त्यातून सुधारित यंत्रणा जहाजांवर बसली. नंतर कोचीच्या नौदल भौतिक व सागरी प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली 'अप्सोह' ही संपूर्ण भारतीय सोनार यंत्रणा तयार झाली, आपल्या उष्ण पाण्याचा आणि त्यातल्या थरांचा विचार करून आखलेली. १९८३ मध्ये ती 'आयएनएस हिमगिरी'वर बसवण्यात आली. पॉलराज पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. एकाच वेळी अनेक अँटेनांमधून संदेश पाठवण्याची त्यांनी तिथे मांडलेली पद्धत आज वाय-फाय आणि ४जी फोनमध्ये वापरली जाते.